सतरा फुटी बोट आणि आईचा ताणकाटा

पहिल्यांदा सगळं सामान अंगणात मांडलं, एकेक पिशवी ताणकाट्याला लटकवली, तेव्हा बेरीज आली 47 किलो. आई ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहीत होती. तिने बेरीज दोनदा तपासली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काऊन वं, वापस येणार आहे ना? का तिकडंच संसार मांडून राहिली?"

जायचं होतं फक्त तीन रात्रींसाठी. कोकणातल्या देवबागहून निघायचं आणि भोगवे, निवती, खवणे असं दक्षिणेला सरकत वेंगुर्ल्याला पोचायचं. समुद्रातून, कयाकमध्ये बसून, स्वतः वल्हवत. रात्री किनाऱ्यावर तंबू. अंतर काही फार नाही, तयारीचा माणूस एका दिवसात उरकेल. मी तयारीची नव्हते, आणि मला उरकायचंही नव्हतं. सोबत माझा भाचा निनाद. त्याची बोट मालवणच्या त्याच्या एका मित्राकडून मिळणार होती. माझी माझ्याकडेच होती, फक्त मी राहते नागपुरात.

आमच्याकडे झीरो माईलच्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, 1020 फूट आणि वर काही दशांश. शहरात समुद्राचा उल्लेख म्हणून सापडेल तो तेवढाच. बाकी अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा असे तलाव खूप, पण सतरा फुटांची समुद्री कयाक नागपुरात का, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. गोवा सोडून चाललेल्या एका गृहस्थांनी ती स्वस्तात काढली, निनादने हेरली आणि मी त्या महिन्यात बोनसच्या धुंदीत होते. प्लायवुडच्या थप्पीवर बांधून ट्रकने ती वाडीच्या गोदामात आली. तिथून घरी आणली, तेव्हा ती पांढऱ्या फोममध्ये गुंडाळून दोरीने जागोजागी आवळलेली होती. चार पोरांनी खांद्यावर घेऊन फाटकातून आत आणली. समोरच्या काकू बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या लेआऊटमध्ये तिचं नाव तिरडी. आई आधी चिडायची, "अभद्र बोलू नका," म्हणायची. आता तीच विचारते, तिरडीवर ताडपत्री टाकली का?

तलावावर भाड्याने मिळतात त्या बसक्या प्लॅस्टिकच्या कयाकपेक्षा ही फार वेगळी. 5 मीटर 20 सेंटिमीटर लांब, रुंदीला जेमतेम 56 सेंटिमीटर, दोन्ही टोकं निमुळती, रिकामी 26 किलो. बसायच्या जागेच्या पुढे एक आणि मागे दोन आडव्या पडद्या आहेत, त्यामुळे आत बंद कप्पे होतात. बोट उलटली, बसायच्या जागेत पाणी भरलं, तरी या कप्प्यांत हवा राहते आणि बोट बुडत नाही. सामान याच कप्प्यांत भरायचं. वरून रबरी झाकणं. पुढच्या झाकणाचं तोंड गोल, 24 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे आमच्या कुकरच्या झाकणाएवढं. मागचं लांबट, 44 बाय 26. आणि पाठीमागे हात वळवून उघडता येईल असं एक छोटं, दिवसभरात लागणाऱ्या वस्तूंसाठी.

हे सगळं मोजमाप मी आधी केलं असतं तर 65 लिटरची भलीमोठी ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरणारी पिशवी, मागवली नसती. लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं ना, प्रवास म्हटला की एक मोठी बॅग. त्या बॅगेत मी तंबू, अंथरूण, कपडे सगळं कोंबलं, तोंड गुंडाळलं आणि उचलून बोटीपाशी आणली. ती झाकणाच्या तोंडात एक इंचही जाईना. निनाद फाटकापाशी उभा राहून शेंगदाणे खात होता.

"मावशी, मांजर डब्यात घालून राहिली का?"

बॅग परत गेली. बदल्यात 5, 8 आणि 13 लिटरच्या लहान लहान अकरा पिशव्या आल्या. बोटीचं पोट मोठं आणि तोंड लहान, तेव्हा घास लहानच घ्यावा लागतो. लहान पिशव्यांचा आणखी एक फायदा नंतर कळला. त्या एकमेकींच्या मधल्या फटींत बसतात. मोठी पिशवी बसली तरी तिच्या चारही बाजूंना जागा मोकळी राहते, ती वाया जाते.

पिशवी भरणं हे स्वतंत्र काम आहे. त्यात माझी गुरू आई निघाली. ड्राय बॅगचं तोंड बंद करायच्या आधी आतली हवा काढावी लागते, नाहीतर ती फुग्यासारखी राहते आणि दुप्पट जागा खाते. मी हातांनी दाबत बसले होते. आईने पिशवी ओढून घेतली, फरशीवर आडवी टाकली, तीवर गुडघा रोवला आणि तळाकडून तोंडाकडे अशी सरकत आली, की हवा फुस्स करून बाहेर. मग तोंडाची पट्टी गच्च गुंडाळली. "वळकटी कधी बांधली नाही तुम्ही लोकांनी," म्हणाली. लग्नानंतर ती आणि बाबा यवतमाळहून काशीला गेले होते, तेव्हाची वळकटी आमच्या माळ्यावर अजून आहे. तिच्या आत म्हणे दोन माणसांचं अंथरूण, चार साड्या, एक धोतर आणि फिरकीचा तांब्या मावायचा.

आईच्या हातात एकच चूक होती. तिने पट्टी एकदाच दुमडली होती. निदान तीन वेळा दुमडावी लागते, मगच पाणी आत येत नाही. ही चूक आम्हाला अंगणात कळली नाही. ती कुठे कळली ते पुढे येईल.

मग सुरू झाली छाटणी. 47 वरून 30 किलोच्या आत यायचं, असा निनादचा हुकूम. वजन वाढलं की बोट पाण्यात खोल बसते आणि साध्या लाटाही मांडीवर चढायला लागतात. सगळ्यात आधी वाद झाला तो पाण्यावरून. माणशी दिवसाला चार लिटर, असा साधारण हिशोब धरतात, पिणं आणि स्वयंपाक मिळून. चार दिवसांचे सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो. मी नागपूरची. मे महिन्यात बर्डीला जायचं तरी दोन बाटल्या सोबत घेणारी. निनाद म्हणाला, कोकणात प्रत्येक वाडीत विहीर आहे, आपण काही राजस्थानात चाललो नाही. शेवटी आठ लिटरवर तह झाला. ते नरम पिशव्यांत, दोन-दोन लिटरच्या चार. कॅनपेक्षा पिशव्या बऱ्या, कारण पाणी संपत जातं तशी पिशवी आक्रसते आणि बोटीतल्या आकाराप्रमाणे बसते.

खाण्याचं आईने ताब्यात घेतलं. लोणच्याची काचेची बरणी मी लगेच बाद केली. बोटीत काच नकोच. फुटली तर तळावर काचा आणि वर तेल. ते लोणचं स्टीलच्या फिरकीच्या डबीत गेलं. डाळ-तांदूळ धुऊन, कडकडीत वाळवून, त्यात हळद, तिखट, मीठ, हिंग घालून एका वेळेच्या एक अशा पुड्या बांधल्या. तीन रात्री, तीन पुड्या आणि एक जास्तीची. पाणी उकळायचं, पुडी ओतायची, झाकण ठेवायचं. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, कारण त्या दुधात भिजवलेल्या असतात, पाण्याच्या पोळीपेक्षा जास्त टिकतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ, मेतकूट. वाळलेल्या सांबाराची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीची, एक छोटी पुडी तिने कधी सरकवली ते मला भोगव्याला कळलं. निनादने ते बघून "एवढा सांबार कायले पाठवला आजीनं?" म्हटलं, तेव्हा त्याचा मालवणी मित्र गोंधळला. त्याला वाटलं इडलीबरोबरचा.

आणि संत्री. डिसेंबर होता, आंबिया बहाराची संत्री बाजारात होती. कोकणात जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, या एका वाक्यावर आईने चार किलो संत्री आणली. मी विरोध केला. ती म्हणाली, पिशवीत नको ठेवू, फटीफटींत घाल. यात तथ्य होतं. संत्र्याला कसलीच ड्राय बॅग लागत नाही, तिला देवाने सालीसकट पाठवलेलं असतं. चारातले दीड किलो मंजूर झाले.

जे निघालं त्याची यादी मोठी आहे. दोन पातेल्यांऐवजी एक. खुर्ची गेली. पुस्तक गेलं, याचं अजून वाईट वाटतं. कपडे अर्धे. पाण्यावर घालायचा एक जोड, तो ओलाच राहणार. जमिनीवरचा एक जोड, तो काहीही झालं तरी कोरडा ठेवायचा. तिसरा जोड लागत नाही. गादी म्हणून फुगवायची पातळ चटई. पण पांघरूण मात्र मी सोडलं नाही. त्या आठवड्यात नागपुरात पारा दहाच्या आसपास होता, सकाळी भांडी घासायला हात बाहेर काढवत नव्हता. त्या गारठ्यात बसून मी रात्रीच्या थंडीचा हिशोब केला आणि जाड स्लीपिंग बॅग घेतली. दीड किलो आणि एक आख्खी तेरा लिटरची पिशवी.

आकडा आला 31. आईने 30 लिहिला.

आता भरायचं कसं. बोटीची दोन्ही टोकं हलकी हवीत आणि जड सगळं मध्ये, खाली, तळाला लागून. झोपाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसं बसली की तो जसा जड हलतो, तसं टोकं जड असलेल्या बोटीचं होतं. लाटेवर नाक उचललं जात नाही, ती लाटेत घुसते. म्हणून टोकांत कपडे, पांघरूण, हलकं-फुलकं. पाणी बसायच्या जागेच्या लगेच मागे. डाळ-तांदूळ, गॅसची डबी, पातेलं पुढच्या पडदीला चिकटून. तंबू त्याच्या पिशवीसकट जात नाही. त्याचे दांडे वेगळे काढायचे आणि मागच्या कप्प्यात सरळ आत सरकवायचे. तिथे मध्यभागी स्केगची पेटी असते. स्केग म्हणजे बोटीच्या तळातून खाली सोडायचं छोटं पातं, बोट भलतीकडे वळू नये म्हणून. त्या पेटीच्या दोन्ही बाजूंना अरुंद गल्ल्या असतात, एरवी निरुपयोगी. दांडे आणि खुंट्या त्यांतच जातात, जणू त्यांच्यासाठीच केल्यात.

अडचण टोकांची. पुढच्या नाकात पिशवी ढकलली की ती जाते, पण बाहेर येत नाही. माझा हात कोपरापर्यंत आत, गाल बोटीवर टेकलेला आणि बोटांची टोकं पिशवीला नुसती लागतायत. मी वल्ह्याने ओढायचा प्रयत्न केला, ती आणखी आत गेली. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "विहिरीत बादली टाकताना दोर बांधत नाहीत का?" मग परकराची नाडी पिशवीच्या कडीला बांधली आणि दुसरं टोक झाकणापाशी सोडलं. खरं तर अनुभवी लोकही असंच करतात, फक्त ते परकराची नाडी वापरत नसावेत.

एका रविवारी बोट जीपवर बांधून आम्ही रामटेकच्या खिंडसीला गेलो. भरलेली बोट पाण्यात कशी वागते ते समुद्रावर जाऊन शिकायची माझी तयारी नव्हती. तिथल्या बोटिंगवाल्यांना विचारलं, एका बाजूला उतरलो. गडावरच्या देवळांचे कळस लांबून दिसत होते. सगळं सामान अंगणातल्या सरावाप्रमाणे भरलं आणि पहिला धडा पाण्यात जायच्या आधीच मिळाला. भरलेली बोट उचलता येत नाही. दोघांनी दोन टोकांच्या कड्या धरल्या आणि उचलायला गेलो, तर मध्ये काहीतरी करकरलं. रिकामी 26, वर 31 किलो पोटात, आणि धरलेली फक्त टोकांना. निनादने हातातलं सोडून दिलं आणि काही न बोलता सगळं परत बाहेर काढायला लागला. बोट पाण्याच्या काठावर ठेवायची आणि तिथेच भरायची. त्यासाठी अकरा पिशव्या घेऊन खेपा घालायच्या नसतील, तर एक मोठी उघडी झोळी हवी. गांधीबागेतून ताडपत्रीची बाजारपिशवी आणली, ती रिकामी घडी होऊन पायाशी मावते. सबंध सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू ती, आणि सगळ्यात जास्त वापरली तीच.

पाण्यात गेल्यावर मी खूश होते. रिकामी असताना ही बोट घोड्याच्या शिंगरासारखी थरथरते. भरल्यावर बैलगाडी झाली. सुरू व्हायला वेळ, पण एकदा चालली की थांबत नाही आणि डगमगतही नाही. वाऱ्याबरोबर मस्त अर्धा किलोमीटर गेले. परत वळायला गेले, तर बोट वळेना. वाऱ्याकडे नाक केलं की वारा ते नाक ढकलून परत खाली न्यायचा. डाव्या हाताने वल्हवून वल्हवून खांदा भरून आला. काठावरून निनाद ओरडत होता, मला ऐकू येत नव्हतं. कशीबशी आल्यावर त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. बोटीचं नाक हवेत, शेपूट पाण्यात, आणि मी मध्ये रथात बसल्यासारखी.

मागचं तोंड मोठं म्हणून मी शेवटच्या क्षणी सगळं जड तिथूनच आत ढकललं होतं. अंगणात पाणी पडदीपाशी ठेवायचं हे तोंडपाठ होतं. काठावर घाईत जे हाताला आलं ते जिथे जाईल तिथे गेलं. शेपूट जड झालं की ते पाण्यात रुतून बसतं आणि हलकं नाक वाऱ्याच्या ताब्यात जातं. उलट झालं, नाक जड झालं, तर बोट सारखी वाऱ्याकडेच तोंड फिरवते. ते त्या मानाने परवडतं, कारण स्केग खाली सोडून शेपूट धरता येतं.

मग निनादने एक साधी युक्ती काढली. बोट रिकामी केली, मला आत बसवलं आणि पाणी जिथे लागतं तिथे पुढे आणि मागे रंगीत टेपचा तुकडा लावला. मग भरायला लागलो. प्रत्येक फेरीला टेप पाण्याखाली किती बोटं गेली ते बघायचं. पुढे दोन, मागे चार. पाण्याच्या दोन पिशव्या पुढे घेतल्या, पायांच्या पलीकडच्या पडदीमागे. पुढे तीन, मागे तीन. दुपारी दोन वाजेपर्यंत हेच चाललं होतं. काठावर म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा आमच्यापाशी बसला होता. त्याने शेवटी सल्ला दिला, "ताई, डाव्या अंगाले झुकून राहिली." खरंच झुकत होती. गॅसची डबी, पातेलं आणि लोणचं, तिन्ही डाव्या बाजूला. आम्ही दोघं पुढे-मागेच बघत बसलो होतो.

त्याच दिवशी मी मुद्दाम उलटले. बाहेर येणं, बोट सरळ करणं, परत चढणं, पंपाने पाणी काढणं, सगळं केलं. भरलेली बोट उलटी केल्यावर परत सरळ करायला जड जाते, हे एक. दुसरं म्हणजे, पुढचं झाकण मी नीट दाबून बसवलं नव्हतं आणि नाकात ती एक दुमडीवाली पिशवी होती. घरी आणून उघडली तर माझा कोरडा जोड पिळता येत होता. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने एकेक पिशवीची पट्टी मोठ्याने मोजत दुमडली. एक, दोन, तीन.

तारखा आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठरवल्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढ-उतार कमी. आम्ही अष्टमी धरली. आईला वाटलं मी देवाधर्माला लागले.

जीपवर बोट, दोन्ही टोकांना लाल फडकं, आणि वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर. वाटेत एक मुक्काम. त्या प्रवासाबद्दल एवढंच, की प्रत्येक चहाच्या टपरीवर कोणीतरी येऊन विचारायचं, हे मिसाईल आहे का.

देवबागला कर्ली नदीच्या बाजूला उतरलो, तिथे लाटा नसतात. नदीचं मुख भरती पूर्ण झाल्यावर, पाणी थबकलेलं असताना ओलांडायचं होतं. ओहोटीत नदीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते, आणि मुखावर दोघांची जुंपते. म्हणजे बोट भरायची ती भरती चढत असताना. नागपूरच्या अंगणात आणि खिंडसीच्या काठावर जे शिकले त्यात हे नव्हतं, की काठ स्वतःच सरकतो. बोट पाण्यापासून दोन हात लांब ठेवून मी निवांत पिशव्या लावत बसले. पुढचा कप्पा झाला, मागचा अर्धा झाला, आणि बोट माझ्या गुडघ्याला ढुशी देऊन हळूच तरंगायला लागली. झाकण उघडं! धावत जाऊन धरली, ओढली, ती येईना, कारण आता ती अर्धी भरलेली होती. दोघांनी खेचून वर घेतली आणि शेवटच्या पाच पिशव्या मी लग्नाच्या पंगतीत वाढावं तशा भराभर टाकल्या. सगळ्यांत एकेक मूठ वाळू गेली. झाकणाच्या कडेला वाळू राहिली तर झाकण घट्ट बसत नाही, म्हणून ती हाताचं बोट फिरवून पुसावी लागते. माझ्या ओढणीचं आयुष्य तिथे संपलं.

बोटीच्या पाठीवर जवळजवळ काहीच बांधलं नव्हतं. जास्तीचं वल्हं, पंप, नकाशा. वर सामान रचलं की वारा धरतो आणि तोल वर जातो. शिट्टी आणि मोबाईल अंगावरच्या जॅकेटला. वल्ह्याच्या दांड्यावर निनादने मार्करने 1554 लिहिलं होतं, तटरक्षक दलाचा नंबर.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, दुपारी समुद्राकडून येतात ते खारे वारे. सहावीत की सातवीत हे वाक्य घोकलं होतं आणि त्याला दोन गुणही मिळाले होते. ते मानेला लागलं तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. बोट सरळ चालली. दोन्ही बाजूंना सारखी बसलेली, नाक ना वर ना खाली. भोगव्यापर्यंत मी स्केगला हात लावला नाही.

तिथे पोचल्यावर मात्र अंगणात न सुचलेली एक गोष्ट उघड झाली. आम्ही गावात जाऊन विचारून, तंबूची जागा ठरवून परत येईपर्यंत अंधार पडला. वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ भरतीने आखलेली असते, तिच्या बरंच वर तंबू लावायचा. त्यासाठी टॉर्च हवा. टॉर्च नाकात. बरोबर परकराची नाडी होती, पण नाडीचं टोक शोधायला उजेड हवा. मोबाईल दातांत धरून मी ती शोधली. दुसऱ्या दिवसापासून टॉर्च, काडेपेटी, औषधं आणि दुपारचं खाणं पाठीमागच्या छोट्या कप्प्यात, आणि तंबू मागच्या कप्प्यात सगळ्यात शेवटी.

जाड स्लीपिंग बॅग मी तिन्ही रात्री उशाला घेतली. कोकणातल्या डिसेंबरला नागपूरच्या डिसेंबरची काही माहिती नाही. रात्री घाम येत होता. निनाद एका सुती चादरीवर झोपला आणि मला दर सकाळी विचारायचा, मावशी, रजाई कशी आहे?

भोगव्यातून निघताना सामान भरायला दीड तास लागला होता, निवतीहून पाऊण तास, खवण्याहून पस्तीस मिनिटं. प्रत्येक पिशवीची जागा हाताला पाठ झाली. खाणं संपत गेलं तसं बोट पुन्हा थरथरायला लागली, म्हणून रिकाम्या पिशव्यांत विहिरीचं पाणी भरून ती मध्ये ठेवत गेलो. पाण्याबाबत निनाद बरोबर होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. वायंगणीला तंबू नाही हे आधीच ठरलं होतं, कारण त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चौथ्या दिवशी लांबूनच पुढे गेलो.

खवण्याला एक गंमत झाली. दुपारभर बोट उन्हात तापली होती, मग पाण्यात टाकली. थोड्या वेळाने मागचं झाकण उघडायला गेले तर ते आत ओढलं गेलेलं, निघेचना. आतली तापलेली हवा गार पाण्याने आकसली होती. यासाठी पडदीला सुईएवढं भोक असावं लागतं. माझ्या बोटीला होतं, पण त्यात डाळीचा एक दाणा अडकला होता. एक पुडी फुटली होती म्हणे. म्हणे कसली, मीच बांधलेली होती ती. आईच्या तिन्ही शाबूत होत्या.

घरी परत आल्यावर आईने पाईप लावून बोट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायला लावली. तंबूच्या चेन, गॅसचं बर्नर, सगळं बादलीत बुडवलं, खारं पाणी धातूला सोडत नाही. बोट दोन दिवस उघडी वाळवली आणि ताडपत्री टाकली.

आठवड्याने अंगणात वास यायला लागला. आधी समोरच्या काकूंच्या गटारीवर संशय घेतला. मग उंदीर मेला असेल म्हणून ओट्याखाली बघितलं. तिसऱ्या दिवशी आईने ताडपत्री उचलून पुढच्या झाकणाशी नाक नेलं आणि मागे सरकली.

"तिरडीतूनच येऊन राहिला वं!"

मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांच्या टोकांना काहीतरी मऊ, ओलं लागलं आणि आणखी आत सरकलं. त्याला नाडी बांधलेली नव्हती. आईने टॉर्च धरला, निनादने बोटीचं नाक खांद्यावर उचललं आणि ते आतून घरंगळत झाकणापाशी आलं. हिरवं, केसाळ झालेलं एक संत्रं.